कासवांच्या वाटेवरचं सूर

मस्कतमधल्या मराठी मंडळींना ‘सूरला जाऊन आलात का?’ असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : ‘हो तर, रास अल जिन्झला कासवं बघायला!’ आम्हीही त्यातलेच. दोनदा सूरवरून गेलो. एकदा पेट्रोल भरलं, एकदा चहा घेतला. तिसऱ्या खेपेला मात्र मुलांनी गाडी थांबवायला लावली, कारण खाडीकाठी चक्क जमिनीवर एक भलंमोठं लाकडी जहाज उभं होतं.

त्याचं नाव ‘फतह अल खैर’. १९५१ च्या सुमारास सूरमध्येच बांधलेलं, घंजा जातीचं. आपल्याकडच्या कोटियाचं जवळचं भावंड. कारागीर इथले, पण साग मलबारचा. जहाज बांधण्याजोगं लाकूड ओमानात नाहीच. पाठीशी हजर पर्वत, त्यापलीकडे रुब अल खालीचं वाळवंट, पुढे समुद्र. फलजच्या पाटांवर खजूर पिकणार, तो तरी किती? मग माणूस समुद्रावर जाईल नाही तर काय करील! हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर खजूर आणि सुकी मासळी घेऊन झांजिबारकडे निघायचं आणि एप्रिलनंतर नैर्ऋत्येचा वारा धरून परतायचं. ऐन जून-जुलैचा समुद्र मात्र त्यांनाही नको असे. कोकणातल्या खलाशांना हे वेगळं सांगायला नको.

पूर्वी या जहाजांना खिळे नसत, फळ्या काथ्याने शिवत. आम्हा इंजिनिअर मंडळींना हे पटणं कठीण. पण १९८० साली टिम सेव्हरिन यांनी सूरमध्येच तसं ‘सोहार’ बांधून घेतलं, शिवायला लक्षद्वीपचे कारागीर आणले, आणि १९८१ मध्ये ते कँटनला पोचलंही. मस्कतला अल बुस्तानच्या चौकात ज्याला वळसा घालून आम्ही इतकी वर्षं जात होतो, ते हेच!

मुंबईचाही यात हात आहे. सय्यद सईद यांचं ‘सुल्ताना’ १८३३ साली माझगावला बांधलं होतं. १८४० मध्ये अहमद बिन नुमान ते झांजिबारवरून थेट न्यूयॉर्कला घेऊन गेले. माझगावचं जहाज न्यूयॉर्कच्या धक्क्याला, तेही अरब झेंड्याखाली! शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे आगबोटी आल्या, १८६१ साली झांजिबार वेगळं झालं, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. शिडांचे दिवस सरत गेले. ‘फतह अल खैर’सुद्धा येमेनला विकलं गेलं. १९९३ मध्ये सूरच्या लोकांनी वर्गणी काढून ते परत आणलं. ते आता माल वाहणार नाही, हे पक्कं ठाऊक असताना!

त्याच सकाळी आम्ही गाडीत गावच्या घराचा हिशेब घालत होतो. दुरुस्ती एवढी, राहणं वर्षातून आठ दिवस, म्हणजे विकलेलं बरं. हिशेबात चूक नव्हती. पण त्या जहाजाच्या सावलीत उभं असताना ही एकदम म्हणाली, “भाऊजींना फोन करून सांगा, एवढ्यात सही करू नका म्हणावं.” आम्ही केला फोन. घर अजून आहे, गळतंही आहे.

सूरला थांबणार असाल तर भरतीच्या वेळी थांबा. अल अयजाच्या दीपगृहापाशी उभं राहिलं की खाडीचं तोंड दिसतं, आणि एवढी मोठी जहाजं त्या चिंचोळ्या वाटेने आत कशी घेत असतील ते तिथेच कळतं. कासवांची घाई करू नका, ती रात्रीच येतात.