लिव्हरवरचा हात

नव्यानं रुजू झालेली वैमानिकांची तुकडी वर्गात येते, तेव्हा प्रत्येकाच्या गाठीला दोनशेच्या आसपास तासांचं उड्डाण असतं आणि बहुतेकांच्या घरावर कर्ज असतं. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतं, ''मॅडम, विमानावर कधी?'' ती घाई मला समजते. पण पुढचे काही महिने मी त्यांची तीच घाई काढायला बसलेली असते.

मी एटीआर ७२ शिकवते. दोन पंख्यांचं, सत्तरेक प्रवाशांचं, भरल्यावर सुमारे २३ टनांचं विमान. उडान योजनेतली पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ रोजी सुटली, त्यांत नांदेड–हैदराबादही होतं. लहान गावांची अशी विमानसेवा बरीचशी याच जातीच्या विमानांवर चालते.

सुरुवातीचे आठवडे जमिनीवरच जातात. इंजिन, वीज, पंखांवर जमणारा बर्फ, धावपट्टीच्या लांबीची गणितं, धोकादायक सामानाचे नियम, आग विझवणं, पोहण्याच्या तलावात तराफ्यावर चढणं. अभ्यास भरपूर असतो, पण मुलं हुशार असतात, निभावून नेतात. माझं एकच सांगणं असतं: खोलीच्या भिंतीवर कॉकपिटचं पोस्टर लावा, समोर दोन खुर्च्या मांडा आणि जोडीदाराबरोबर सगळं मोठ्यानं म्हणा. मनातल्या मनात केलेला सराव सिम्युलेटरमध्ये पाच मिनिटंही टिकत नाही.

खरा कस तिथंच लागतो. चार तासांचं सत्र, दोन तास तुम्ही चालवणार, दोन तास जोडीदार. मिळेल ती वेळ घ्यायची. कधी पहाटेचे तीनसुद्धा. आजवर या मुलांनी जेमतेम टनभर वजनाचं सेसना उडवलेलं असतं, तेही बऱ्याचदा एकट्यानं. दिसलं की करायचं, ही सवय हातात मुरलेली असते. दोघांच्या कॉकपिटमध्ये ती सवय घातक ठरते.

माझ्या स्वतःच्या प्रशिक्षणातली एक रात्र सांगते. टेकऑफ झाला, चाकं सुटली आणि शिक्षकांनी उजवं इंजिन बंद पाडलं. नाक उजवीकडं ओढलं गेलं, मी डावा पाय दाबून ते सरळ केलं. इथपर्यंत ठीक होतं. मग जोडीदाराला न विचारताच माझा हात गेला आणि मी चालू इंजिनाची लिव्हर मागं ओढली. शिक्षकांनी सिम्युलेटर गोठवलं. ओरडले नाहीत. म्हणाले, ''दोन्ही हात मांडीवर ठेव. आता मला सांग, तुला घाई कशाची होती?'' मला उत्तर देता आलं नाही.

पुढं ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआरचं उजव्या इंजिनाचं बळ टेकऑफनंतर लगेच गेलं आणि कॅप्टननी डावं, चांगलं इंजिन मागं घेऊन बंद केलं. विमान नदीत कोसळलं. ५८ जणांपैकी ४३ गेले. तो अहवाल वाचताना माझा उजवा तळहात घामानं ओला झाला होता.

म्हणून आमची पद्धत अशी: ४०० फुटांच्या खाली चाकं वर घेण्यापलीकडं कशालाही हात लावायचा नाही, फक्त विमान उडवायचं. त्यानंतर लिव्हरवर हात ठेवायचा, तिचं नाव घ्यायचं आणि थांबायचं. शेजारच्यानं डोळ्यांनी बघून ''कन्फर्म'' म्हटलं, तरच ती हलवायची. हे थांबणं दोन सेकंदांचं असतं, पण नव्या मुलांना ते फार जड जातं.

नुसतं बोलणंही पुरत नाही. १५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळमधल्या पोखऱ्याला एक एटीआर उतरताना ''फ्लॅप ३०'' अशी मागणी झाली, शेजारून तसंच उत्तरही आलं; हात मात्र फ्लॅपच्या लिव्हरऐवजी तिच्या बाजूच्या दोन कंडिशन लिव्हरवर गेला. पंख्यांची पाती वाऱ्याला कडेनं झाली. इंजिनं चालू होती, पण विमान ओढायला बळच उरलं नाही. विमानातले सगळे ७२ जण गेले. फ्लॅपच्या लिव्हरची मूठ चपटी असते, बाजूच्यांची वेगळी. मी मुलांना डोळे मिटून त्या मुठी चाचपायला लावते आणि मग डोळे उघडून बघायलाही लावते. दोन्ही हवं.

परीक्षकांची चाचणी झाली की रिकाम्या विमानात चकरा आणि लँडिंग. मग प्रवासी घेऊन, प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी, प्रत्यक्ष मार्गावर.

गेल्या पावसाळ्यात, गणपतीच्या तोंडावर, माझ्या शेजारी लातूरचा एक मुलगा होता. आम्ही सिंधुदुर्गला उतरत होतो. धावपट्टी असलेला चिपीचा सडा ढगाआडून मधूनच दिसत होता, वारा आडवा होता, काचेवर पाऊस. विमान माझ्या हातात होतं. मी म्हटलं, ''फ्लॅप ३०.'' त्याचा हात निघाला, चपट्या मुठीवर जाऊन थांबला. त्यानं मान खाली करून बघितलं. वेग वाचला, तो मोठ्यानं म्हटला. मग लिव्हर हलली, आणि काटा तिसावर येऊन स्थिरावेपर्यंत त्याचे डोळे तिथून हलले नाहीत.