तुंगनाथाच्या वाटेवर हातमोजे

उत्तराखंडातल्या चोपत्याहून तुंगनाथ अवघा साडेतीन किलोमीटर. वाटही दगड बसवलेली. “एवढंच ना!” म्हणत आम्ही मे महिन्यात हसत निघालो. पण मैत्रिणींनो, पंचकेदारांतलं हे सर्वांत उंच देऊळ, ३,६०० मीटरांच्याही वर. हिवाळ्यात तर देवसुद्धा खाली मक्कूमठात मुक्कामाला उतरतात. तिथला मे म्हणजे आपला मे नव्हे!

स्वेटर, कानटोपी सगळं आठवणीनं घेतलं होतं. हातमोजे मात्र सुती, उन्हात स्कूटरवर घालतो ना, तेच. निम्म्या वाटेवर गारा आल्या नि ते चिंब झाले. भिजलेलं सूत लवकर वाळत नाही आणि हातातली ऊब ओढून घेतं. चहाच्या टपरीत पोचेपर्यंत बोटं इतकी बधिर, की पर्सची चेन उघडेना. ह्यांनी हात शेगडीवर धरायला सांगितले, तोच टपरीवाल्या बाईंनी मला मागे ओढलं. बधिर बोटांना चटका कळत नाही हो! त्यांनी हात काखेत धरायला लावले, मग लोकरीचे कोरडे पायमोजे हातांत चढवले. ध्यान दिसत होतं खरं, पण थोड्या वेळानं बोटांत मुंग्या आल्या.

जाऊबाईंचे हातमोजे चांगले जाडजूड होते. पण पाणी प्यायचं, काढा. फोटो घ्यायचा, काढा. शेवटी एक दरीत गेला!

तेव्हा तुम्ही पातळ लोकरीचेच घ्या. दुकानात घालून नाणं उचलून पाहा, मूठ वळून पाहा. ताणले तर मोठं माप मागा, घट्ट मोज्यांत ऊब राहत नाही. वरून वारा-पाणी अडवणारा सैल, हलका जोड हवा, आणि एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत. घरी विणणार असाल तर मनगटाची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी चांगली चार इंच घाला, म्हणजे बाहीत खोचता येते. काचेच्या बांगड्या त्यात अडकतात, दोनच ठेवा. अंगठी तर घरीच बरी. चालून बोटं सुजतात. माझी साबण लावून काढावी लागली.

देवापुढे ते पायमोजे काढून हात जोडले. उतरताना बाईंना परत केले, तर त्या म्हणाल्या, “बहनजी, अब चाय पियो.”