वाईच्या घाटावर, मावशीसोबत

पुण्याहून येताना सुरूर फाट्याला महामार्ग सोडला, की उसाची आणि हळदीची शेते लागतात, पांडवगडाचा माथा दिसू लागतो आणि मला मावशीच्या घराचे वेध लागतात. गेल्या मार्गशीर्षात मात्र याच रस्त्याने जाताना मन जड झाले होते. मावसभावाचा फोन आला होता, ‘‘ताई, आई गणपती घाटावरून घरी येताना रस्ता चुकली.’’ पन्नास वर्षांहून अधिक काळ ती ज्या वाटेने दर्शनाला जात होती, तीच वाट तिला सापडली नव्हती.

खरे तर सूचना वर्षभर आधीच मिळाली होती. फोनवर तिने एकच प्रश्न तीनदा विचारला, तेव्हा ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून मी तो हसण्यावारी नेला. जवळजवळ तीस वर्षे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरची ही चूक होती आणि ती मला टोचत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी घाटावर गेलो. कृष्णेवर पातळ धुके होते. ढोल्या गणपतीचे हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. मावशीने मला देवळाच्या मागे नेले आणि लहानपणी सांगायची तसेच सांगितले, ‘‘ही भिंत माशासारखी निमुळती का, ठाऊक आहे? पुराचं पाणी आपटू नये, दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून.’’ एक शब्दही चुकला नाही. पायऱ्यांवर टेकलो, तेव्हा तिने विचारले, ‘‘बाळ, तू कधी आलीस?’’ हा प्रश्न सकाळपासून चौथ्यांदा आला होता.

मग मेणवलीला गेलो. नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर मोठी घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूसह मेरीची आकृती आणि १७०७ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तिथून ती आली. हेही मावशीने सविस्तर सांगितले. परतताना मात्र आपण कोठून येत आहोत, हे तिला आठवेना.

अनेक घरे येथेच फसतात. ‘जुने सगळे आठवते, मग आजार कसला?’ असे नातेवाईक मला विचारतात. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला पूर्वी पक्क्या झालेल्या आठवणी बहुधा टिकून असतात. नवी नोंद मात्र होत नाही. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे आणि मागाहून आठवणे, हे वयाचे लक्षण असू शकते. ओळखीची वाट चुकणे, व्यवहाराचा हिशेब न जमणे, नेहमीच्या स्वयंपाकाचा क्रम विसरणे, ही तपासणीची वेळ असते.

घरी आल्यावर मी तिला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले, मराठी महिने फाल्गुनापासून उलटे म्हणायला लावले. अशा चाचण्यांवर शिक्षणाचाही परिणाम होतो, म्हणून केवळ गुणांवरून निदान करू नये. घरच्यांनी पाहिलेले बदल तितकेच महत्त्वाचे असतात. मग रक्त तपासले : हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, सोडियम, बी-१२, मूत्रपिंड आणि यकृताचे कार्य. औषधांचा डबाही मी पुढ्यात ओतला. त्यात सर्दीची एक गोळी निघाली. झोप लागते म्हणून मावशी ती कित्येक महिने रोज रात्री घेत होती. अशा गोळ्यांनी वृद्धांची स्मृती मंदावते. शिवाय बी-१२ फार कमी होते आणि एका कानाने ऐकू येत नव्हते. नैराश्यही विसरभोळेपणाचे रूप घेते, म्हणून मनाची विचारपूसही केली.

गोळी बंद केली, बी-१२ची इंजेक्शने दिली, श्रवणयंत्र बसवले. तीन महिन्यांत मावशी टवटवीत झाली, पण पूर्ववत नाही. मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय करून अल्झायमरची सुरुवात असल्याचे सांगितले. ईसीजी पाहून डोनेपेझिल सुरू केले. या औषधाने आजार थांबत नाही. काहींना काही काळ थोडा आधार मिळतो, हे मी भावाला स्पष्ट सांगितले.

भावाला तिला पुण्याला न्यायचे होते. अपरिचित घरात अशा रुग्णांचा गोंधळ वाढू शकतो, म्हणून तूर्त ती वाईतच राहते आहे. सोबतीला दिवसरात्र एक बाई आहेत. वारांच्या खणांची गोळ्यांची डबी आहे, पिशवीत फोन क्रमांकाची चिठ्ठी आहे, शेजाऱ्यांना कल्पना दिली आहे. दर शनिवारी भाऊ येतो. त्याच्याही विश्रांतीची सोय आम्ही वाटून घेतली आहे. पुढे कधीतरी हा बेत बदलावा लागेल, हे आम्ही जाणतो.

वाचकहो, दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, तर तो संसर्ग, औषध किंवा डोक्याला लागलेला मार यांमुळे असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि चालू असलेली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

‘आठवतंय का?’ असे मी मावशीला आता विचारत नाही. ‘‘कधी आलीस?’’ या प्रश्नाला दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे उत्तर देते. देवळामागची ती भिंत पूर अडवत नाही, फक्त त्याचा जोर दोन्ही अंगांना वळवते. आमच्या हाती तेवढेच आहे. ते वर्षभर आधी सुरू करता आले असते, एवढीच खंत उरते.