लूज कॉन्टॅक्ट घड्याळ बघत नाही

मी कॉन्व्हेंटची. मराठीत सलग दोन पानं लिहायची म्हणजे मला व्हायवापेक्षा जास्त घाम फुटतो. तरीही संपादक मंडळाकडे मीच लेख देते म्हणाले, कारण जे सांगायचंय ते मराठीतच सांगायला हवं. का, ते शेवटी कळेल.

तर झालं असं. आमचा मिनी प्रोजेक्ट होता मातीतला ओलावा मोजायचा. एक छोटा लिनक्स बोर्ड, बॅटरी आणि आय-टू-सी बसवर एक सेन्सर. माझी पार्टनर म्हणजे माझी रूममेटच. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, सोल्डरिंगमध्ये हात एकदम साफ. वाटणी सरळ झाली. वायरी तिच्या, ड्रायव्हर माझा. कर्नलचा कोड इंग्रजीत, म्हणजे तो माझ्याकडेच येणार, असं मीच ठरवून टाकलं होतं.

बोर्ड सुरू झाला की रीडिंग झकास यायचं. अर्ध्या मिनिटाने मात्र सगळं ठप्प. नुसते टाइमआउट! सरांनी विचारलं तेव्हा मी पटकन म्हटलं, "सर, लूज कॉन्टॅक्ट असणार." सरांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. ती काही बोलली नाही. रात्री मेसमधून आल्यावर तिने सगळे जोड पुन्हा केले. दोनदा.

तिसऱ्या रात्री तिने मला उठवलं. एका हातात मल्टिमीटर, दुसऱ्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. म्हणाली, "हे बघ, दर वेळी तेवढ्याच सेकंदांनी ३.३ व्होल्टचा शून्य होतो. लूज कॉन्टॅक्ट घड्याळ बघत नाही गं."

मी गप्प. मग तिने कर्नलचा लॉग उघडला. मी तो नेहमी भराभर खाली सरकवायचे. ती एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. एका ओळीत लिहिलं होतं, सप्लाय सापडला नाही, डमी रेग्युलेटर वापरतोय. पुढे, तीस सेकंद उलटल्यावर, त्याच ३.३ व्होल्टच्या रेग्युलेटरचं नाव आणि एकच शब्द: डिसेबलिंग.

माझी चूक एका शब्दाची होती. ड्रायव्हरमध्ये मी सप्लायचं नाव 'व्हीडीडी' मागितलं होतं आणि डिव्हाइस ट्रीमध्ये लिहिलं होतं 'व्हीसीसी'. नाव जुळलं नाही की कर्नल अडून बसत नाही, एक खोटा रेग्युलेटर हातात देतो. तो मी 'एनेबल' केला, कुठलीही एरर आली नाही. खरा रेग्युलेटर बूटलोडरने आधीच चालू करून ठेवला होता म्हणून सुरुवातीला सगळं चालायचं. पण कर्नलच्या हिशोबी त्याचं गिऱ्हाईक कोणीच नव्हतं. बूट झाल्यावर तीस सेकंद थांबून कर्नल असे बेवारशी रेग्युलेटर बंद करतो. आय-टू-सीच्या दोन्ही तारा पुल-अप रेझिस्टरच्या जोरावर वर राहतात. त्या रेझिस्टरचीच वीज गेल्यावर बस बोलणार कशी?

मी म्हटलं, "सोपं आहे, डिव्हाइस ट्रीमध्ये 'ऑल्वेज ऑन' लिहून टाकते."

ती हसली. "म्हणजे मोटर कायम चालूच? बॅटरी शेतात किती दिवस टिकेल?"

मग तिने त्यांच्या विहिरीचं सांगितलं. मोटर एक, भाऊबंद तीन. पूर्वी ज्याचं भिजवून झालं तो सरळ स्टार्टर बंद करायचा आणि दुसऱ्याचं पाणी मध्येच तुटायचं. रोज भांडण. शेवटी ठरलं की ज्याला पाणी हवं त्याने खुंटीला दोरी बांधायची, झालं की आपली सोडायची. शेवटची दोरी सुटली की मोटर बंद.

मी बघतच राहिले. लिनक्सच्या रेग्युलेटर फ्रेमवर्कचं तत्त्व हेच! ते २००८ साली २.६.२७ या आवृत्तीत कर्नलमध्ये आलं. प्रत्येक एनेबलला आकडा एकने वाढतो, डिसेबलला कमी होतो, शून्य झाला तरच वीज तुटते. आपली नसलेली दोरी सोडायला गेलात तर कर्नल लॉगमध्ये बोंब मारतो. मी तर दोरी बांधलीच नव्हती, हवेत गाठ मारली होती.

नाव दुरुस्त केलं. मग बस ड्रायव्हर नीट लिहिला. रीडिंगच्या आधी रेग्युलेटर चालू, व्होल्टेज स्थिर व्हायला थोडा वेळ, मग क्लॉक. काम झालं की उलट्या क्रमाने, आधी क्लॉक बंद, मग रेग्युलेटर. मध्येच क्लॉकने दगा दिला तर बाहेर पडताना आपली दोरी सोडायची. ही शेवटची ओळ मी विसरले होते, तीही तिनेच काढली.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं, "सर, सोल्डरिंग बरोबर होतं. चूक माझ्या कोडमध्ये होती." सर म्हणाले, "हे मला नको, तिला सांग. आणि लॅबमध्ये सांग." लॅबमध्ये सगळ्यांसमोर सांगताना माझे कान लाल झाले होते. ती नुसतं म्हणाली, "बरं. आता रिपोर्ट लिहायला घे, शनिवारी सबमिशन आहे."

तिला इंग्रजी येत नाही असं मी वर्षभर समजत होते. तिला ते सावकाश येतं, एवढंच. मी भराभर वाचत होते आणि लॉगमध्ये लिहिलेलं मला दिसत नव्हतं. म्हणून हा लेख मराठीत. तिला तो भराभर वाचता यावा. माझी शुद्धलेखनाची बोंब तीच तपासणार आहे, बोट ठेवून.