छावणीबाहेरचे सात दिवस



गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी, हावदाला आटोपल्यावर, आमच्या घरी मोठा वाद झाला. आमची नात येथील कॉलेजात पत्रकारिता शिकते. तिला एक निबंध लिहावयाचा होता. विषय असा की, रेडिओ-टेलिव्हिजनवर काम करणारा माणूस माइक बंद असताना, किंवा स्वतःच्या कार्यक्रमाबाहेर दुसरीकडे कोठे, एखाद्या धर्माच्या लोकांविषयी वाईटसाईट बोलला तर त्याची नोकरी जावी की नाही?

"आजी, यात लिहायचं काय? काढलंच पाहिजे," असे ती म्हणाली. आमचे यजमान म्हणाले, "कामावर काय बोलतो ते बघा. बाहेर काय बोलतो ते त्याचं तो." मग दोघांनी आमच्याकडे पाहिले. आयुष्याची पस्तीस वर्षे परिचारिकेचे काम केल्यामुळे घरातले असले खटले आमच्याकडेच येतात. परंतु त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. त्याला कारण होते. ते पुढे सांगतो.

नातीने आपली उदाहरणे वाचून दाखविली. २०१० हे एकच साल घेतले तरी पुरे. हेलन थॉमस या अमेरिकेतल्या नामवंत बातमीदार बाई. प्रेसिडेंट केनेडी यांच्या काळापासून त्यांनी व्हाइट हाउसच्या बातम्या दिल्या. त्या काही टेलिव्हिजनच्या निवेदिका नव्हत्या, पण गोष्ट त्याच जातीची आहे. २७ मे २०१० रोजी एका रब्बींनी कॅमेऱ्यापुढे सहज प्रश्न विचारला, तेव्हा यहुद्यांनी पॅलेस्टाइनमधून चालते व्हावे, पोलंड, जर्मनी, अमेरिका अशा आपापल्या घरी जावे, असे त्या बोलून गेल्या. ७ जूनला त्यांना निवृत्त व्हावे लागले. वय होते ८९. ते ऐकून आम्हाला राग आला, तसे थोडे हसूही आले. पोलंड काय आणि जर्मनी काय! आमचे वाडवडील नवगाव-रेवदंड्याकडचे. आम्हाला कोठे पाठविणार होत्या बाई?

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला सी.एन.एन.चे रिक सांचेझ हे दुसऱ्यांच्या रेडिओ कार्यक्रमात पाहुणे म्हणून गेले. जॉन स्टुअर्ट हे विनोदी कार्यक्रम करणारे यहुदी गृहस्थ त्यांची वरचेवर टर उडवीत. त्याचा राग मनात होता. बोलता बोलता सांचेझ त्यांच्यावर घसरले, आणि सी.एन.एन. व इतर वाहिन्या चालविणारे सारे स्टुअर्टसारखेच असतात, यहुद्यांना कसले आले आहे दुबळे म्हणायचे, अशा अर्थाचे बोलले. दुसऱ्याच दिवशी नोकरी गेली. त्यांनी माफी मागितली. अँटी-डिफेमेशन लीगचे अब्राहम फॉक्समन यांनी ती स्वीकारली. ज्यांच्यावर ते घसरले त्या स्टुअर्ट यांनीही, एवढ्यासाठी त्यांना काढावयास नको होते, असे सांगितले. पण गेलेली नोकरी परत आली नाही.

तीन आठवडेही झाले नाहीत तोच हुआन विल्यम्स यांची पाळी आली. ते नॅशनल पब्लिक रेडिओचे विश्लेषक. फॉक्स न्यूजवर ते म्हणाले की, विमानात मुसलमानी पोशाखातली माणसे दिसली की मला धास्ती वाटते. त्याच संभाषणात सगळ्या मुसलमानांना दोष देऊ नये, असेही ते बोलले होते. रेडिओने त्यांना काढले. फॉक्सने लगेच मोठ्या पगाराचा करार दिला. आणि काढणाऱ्या रेडिओच्या वृत्तविभागाच्या प्रमुख बाईंनाच जानेवारी २०११ मध्ये राजीनामा द्यावा लागला.

इंग्लंडातली गोष्ट त्याआधीची. रॉबर्ट किलरॉय-सिल्क यांचा बी.बी.सी.वर सकाळचा कार्यक्रम १९८६ पासून चालू होता. जानेवारी २००४ मध्ये एका रविवारच्या वर्तमानपत्रात त्यांचा सबंध अरब लोकांना हिणवणारा लेख आला. ओरड झाली, कार्यक्रम बंद पडला, त्यांनी जागा सोडली. पण गंमत अशी की, हाच लेख एप्रिल २००३ मध्ये त्याच पत्रात छापून आला होता! तेव्हा कोणी चकार शब्द काढला नव्हता. चुकून तो दुसऱ्यांदा छापला गेला, तेव्हा तो गुन्हा ठरला. त्याच वर्षी जून महिन्यात हे गृहस्थ युरोपच्या पार्लमेंटवर निवडून आले.

या गोष्टी ऐकून आमच्या मनात आले की, शिक्षा कशाची झाली? शब्दांची की गलक्याची? शब्दांची असती तर ती एप्रिल २००३ मध्येच झाली असती. पुष्कळदा वरिष्ठांना दुखावलेल्या माणसांची काळजी नसते, टेलिफोन वाजू लागले याची असते.

आता कोणी म्हणेल, यहुद्यांना बोलले त्यांचीही तुम्ही बाजू घेता काय? तसे नव्हे. वाईट शब्द म्हणजे काय, हे आपल्या समाजाला दुसऱ्याने शिकवावयास नको. १९६२ साली येथील मुख्य रब्बी मंडळाने परिपत्रक काढले आणि बेने इस्राएल वधूवरांचे लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असे ठरविले. आम्ही तेव्हा हिंदुस्थानात पाळण्यात होतो. पण येथे आल्यावर वडीलधाऱ्यांकडून ते सर्व ऐकले. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे कच्च्याबच्च्यांसह यरुशलेमेत धरणे धरून बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेतला ठराव करावा लागला की, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत. त्यानंतर परिपत्रकातून आपल्या समाजाचे नाव निघाले. तो शब्द माइक बंद असताना सुटलेला नव्हता. तो खुर्चीवरून, शिक्का मारून आलेला शब्द होता, आणि त्याने आपल्या मुलामुलींची लग्ने अडत होती. अशा शब्दाशी लढलेच पाहिजे. आपण लढलो. परंतु खुर्चीवरून आलेला शब्द आणि चहाच्या टेबलावर सुटलेला शब्द यांना एकच माप लावावे काय?

आता आम्ही त्या शनिवारी गप्प का राहिलो, ते सांगतो.

१९९१ चा मार्च महिना होता. आखाती युद्ध नुकतेच संपले होते. मोहरबंद खोल्या आणि गॅसचे मुखवटे यांनी सगळ्यांची डोकी तापलेली होती. आमच्या वॉर्डात एक अरब परिचारिका होती. कामाला चोख. रमझान सुरू झाला तशी रोजा सोडण्यासाठी तिला संध्याकाळी दहा मिनिटे हवी असत. तेवढ्या वेळात तिच्या खाटा आम्ही सांभाळावयाच्या. आम्ही दोघी बेने इस्राएल परिचारिका त्या पाळीवर होतो. एका संध्याकाळी एका म्हाताऱ्या बाईंची चादर बदलताना आम्ही दोघी त्या मुलीविषयी, तिच्या रोज्याविषयी आणि तिच्या धर्माविषयी मराठीत काहीतरी बोललो आणि हसलो. ते वाक्य येथे लिहीत नाही. लिहिले तर पुन्हा बोलल्यासारखे होईल. मराठी येथे कोणाला कळते, या भरवशावर उचलली जीभ लावली टाळ्याला.

म्हातारीचे खुब्याचे हाड मोडले होते. ती हिब्रूत फार बोलत नसे. चादर नीट झाल्यावर तिने डोळे उघडले आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "पोरींनो, मला मराठी येतं हं. पुण्याला कँपात आयांच्या हाताखाली वाढले मी."

आमच्या पायांखालची जमीन सरकली. बाई बगदादी घराण्यातली. मुंबई-पुण्यास बगदादी मंडळी आपल्याला कशी वागवीत, हे जुन्या वाचकांना सांगणे नको. तीच पुढे म्हणाली, "आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर तुम्हा लोकांबद्दल काय काय बोलत असत, सांगू?" आम्ही मान खाली घातली. "मी तक्रार केली तर तुमची नोकरी जाईल. तुमची नोकरी घेऊन मी काय करू? त्या मुलीला तुम्ही सांगा. मी घरी जायच्या आत."

हेड सिस्टरपुढे उभे राहणे त्याहून सोपे गेले असते. तीन दिवस आम्ही टाळाटाळ केली. रोज सकाळी म्हातारी नुसती आमच्याकडे पाही. चौथ्या दिवशी कपडे बदलण्याच्या खोलीत आम्ही त्या मुलीला गाठले आणि काय बोललो ते हिब्रूत सांगितले. शब्द कमी केले नाहीत. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने एकच प्रश्न विचारला. "हे तुम्ही कधी पेशंटच्या खाटेपाशी नेलंत का?"

आम्हाला चटकन 'नाही' म्हणता आले नाही. त्याच आठवड्यात एका अरब बाईची बेल वाजली होती आणि आम्ही हातातला चहा आधी संपविला होता. चहा काय, दुसऱ्या कोणाच्या बेलच्या वेळीही कधी संपविला असेल. पण त्या दिवशी तो का संपविला, हे आमचे आम्हाला ठाऊक होते. तेही सांगितले. ती म्हणाली, "मग त्याचं बघा. माझं राहू दे."

महिनाभर ती आमच्याशी कामापुरतेच बोलली. हेड सिस्टरकडे मात्र गेली नाही. पुढे बारा वर्षे आम्ही एकाच वॉर्डात काढली. मैत्री झाली असे म्हणणार नाही. पण रमझानात आम्ही तिच्या खाटा सांभाळीत असू आणि दारफळणीच्या सणाला ती आमच्या. आणि बेल वाजली की आम्ही कप खाली ठेवीत असू.

म्हणून आम्हाला त्या मुलीचा प्रश्नच खरे माप वाटतो. बातमीदाराचा पेशंट म्हणजे त्याचा श्रोता, आणि ज्याची बातमी तो देतो तो माणूस. माइक बंद असताना तो घाणेरडे बोलला, तर रुग्णालय जसे केसपेपर काढून तपासते, तसे त्याचे काम काढून तपासावे. कोणाची बातमी त्याने दाबली? कोणाला बोलू दिले नाही? कोणाच्या मेलेल्यांची मोजदाद केली नाही? तेथे तो शब्द खाटेपाशी गेलेला दिसला, तर त्याला जरूर काढावे, आणि आमच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. पण काम स्वच्छ असेल आणि तो दुखावलेल्यांसमोर जाऊन उभा राहण्यास तयार असेल, तर नोकरी घेऊन कोणाचे भले होते?

अशा वेळी काय करावे, हे तोराहात सांगितले आहे. गणना पुस्तकाचा १२ वा अध्याय पाहा. मिर्याम व अहरोन हे मोशेच्या कूशी बायकोवरून त्याच्याविरुद्ध आपसांत बोलले. मिर्यामेला कोड फुटले. (अहरोनाला काही झाले नाही, याचे आम्हा बायकांना नेहमी नवल वाटते, शिक्षा सगळ्यांना सारखी होत नाही, हे तेव्हापासूनचे!) मोशेनेच तिच्यासाठी प्रार्थना केली. तिला सात दिवस छावणीबाहेर ठेविले. पण ते सात दिवस सर्व लोकांनी मुक्काम हलविला नाही. ती आत आल्यावरच छावणी पुढे निघाली. शिक्षा झाली, सगळ्यांदेखत झाली. परंतु तिला रानात टाकून कोणी गेले नाही.

नातीला हे सर्व सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आणि आजी, जो आत येऊनही तेच बोलतो, त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. हेलन थॉमसबाई त्याच वर्षी डिसेंबरात एका भाषणात तसलेच आणि त्याहून कडक बोलल्या. जो आपल्या शब्दाला चिकटून राहतो, त्याला पुन्हा माइक देण्याचे ऋण कोणावर नाही. "आणि ऐकणाऱ्यांनी विश्वास कसा ठेवायचा?" असेही तिने विचारले. त्याला आमच्याकडे सोपे उत्तर नाही. त्या मुलीला आमच्यावर पुन्हा विश्वास बसावयास किती वर्षे लागली, की बसलाच नाही, हे आम्ही तिला कधी विचारले नाही. पण काढून टाकले असते तर तिने खाटा सांभाळावयास कोणाला सांगितले असते, आणि आम्ही कप खाली ठेवावयास केव्हा शिकलो असतो?

नातीने निबंधात आमचे म्हणणे घातले आणि शेवटी आपलेच मत लिहिले. असो.

जाता जाता आपल्या घरांविषयी एक गोष्ट. आता आपल्या नातवंडांना मराठी फारसे कळत नाही. शेजाऱ्यांविषयी, अरबांविषयी, काळ्या टोपीवाल्यांविषयी, रशियनांविषयी नको ते बोलावयाचे झाले की आपण मराठीत बोलतो. आपली मायबोली हा आपला बंद माइक झाला आहे. ज्या भाषेत आजीने आपल्याला एलियाहू हनबीची गोष्ट सांगितली, त्या भाषेचा मुलांना एवढाच उपयोग दिसावा, हे बरे नव्हे. दुसऱ्याच्या नोकरीचा निकाल लावण्याआधी आपण आपला कप खाली ठेवू या.