नावातली अळंबी

वैद्यकाच्या भाषेला अलंकारांचे वावडे असते, असा आम्हां साहित्याच्या अध्यापकांचा समज असतो. 'मायकोसिस फंगॉइडिस' या दुर्मिळ त्वचाकर्करोगाचे नाव तो मोडून काढते. पॅरिसच्या आलिबेर या त्वचारोगतज्ज्ञांनी १८०६ साली या रोगाचे वर्णन केले. रुग्णाच्या अंगावरच्या गाठी त्यांना अळंबीसारख्या दिसल्या. पुढे उपमेतले 'सारख्या' गळून पडले आणि बुरशी तेवढी नावात उरली. वस्तुतः बुरशीचा येथे संबंधच नाही. हा त्वचेतील टी-पेशींचा लिम्फोमा आहे.

सूक्ष्मदर्शकाखालीही उपमा पाठ सोडत नाहीत. बाह्यत्वचेत शिरलेल्या या पेशींची केंद्रके मेंदूच्या वळ्यांसारखी दुमडलेली दिसतात. त्यांच्या पुंजक्यांना 'पोत्रिएचे सूक्ष्म गळू' म्हणतात. त्यांत पू मात्र नसतो. मेंदूची उपमा आकारापुरती थांबते, म्हणून उपयोगी पडते. गळवाची आणि बुरशीची उपमा कारणही सुचवू लागते, आणि तेथेच ती फसवते.

आमच्या विभागातील एका ज्येष्ठ बाईंच्या कमरेवर कित्येक वर्षे खपल्यांचे चट्टे होते. कधी गजकर्ण, कधी इसब समजून मलमे लावून झाली. दोन बायप्सींतून निश्चित काही निघाले नाही. तिसरीच्या अहवालात हे नाव आले. बाई म्हणाल्या, "मायकोसिस म्हणजे बुरशीच की! सुटले मी." खरा अर्थ त्यांना सांगण्याचे काम आमच्याकडे आले. ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे मीच तुम्हांला शिकवले होते ना?"

तिसऱ्या बायप्सीपर्यंत थांबावे लागले, यात नवल नाही. आरंभीच्या चट्ट्यांत रोगट पेशी थोड्या असतात आणि चित्र इसबासारखेच दिसते. म्हणून तज्ज्ञ पुन्हा नमुना मागतात, रुग्णाचा इतिहास त्याच्याशेजारी ठेवून वाचतात, या टी-पेशी एकाच पेशीची संतती आहेत का हे जनुकीय चाचणीने पडताळतात. एका वाचनात संहिता हाती लागत नाही, हे आम्ही वर्गात सांगतो. येथे त्या वाक्याला माणसाच्या आयुष्याचे वजन येते.

मर्यादित चट्ट्यांच्या अवस्थेत हा रोग बहुधा संथ चालतो आणि अनेक रुग्ण दीर्घकाळ जगतात. बाईंचे प्रकाशोपचार सुरू आहेत. अहवालातल्या त्या नावाखाली त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : 'लक्ष्यार्थ घ्यावा.'