ध्वनी सुटा करताना

संहिता आणि प्रयोग यांतील अंतर लोकसाहित्याच्या अभ्यासकाने कधी विसरू नये, असे मी पंधरा वर्षे वर्गात सांगत आलो आहे. तेच अंतर माझ्या हातून कसे पुसले गेले, याची ही हकिकत.

साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवना’त किंवा सरोजिनी बाबरांनी संपादिलेल्या लोकसाहित्य समितीच्या खंडांत ओवी भेटते ती शब्दरूपाने; जात्याची घरघर कागदावर उतरत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या टिपल्या गेल्या, आणि बर्नार बेल यांच्यामुळे त्यांतील कित्येकींचा आवाजही राहिला. २०१७ पासून ‘पारी’ने ते धन सर्वांना खुले केले. ते ऐकल्यावर आपल्या शहापूर-मुरबाडकडेही कान द्यावा, असे मला वाटू लागले. पीठ आता गिरणीतून येते. पण लग्नाची हळद दळताना जात्याभोवती बायका अजून गातात.

टोकावड्याच्या बाजूच्या एका ठाकरवाडीतला असा प्रसंग माझ्या विद्यार्थिनीने आपल्या फोनवर चित्रित करून आणला. अकरा मिनिटे. मला हवे होते ते स्वरांचे आणि विरामांचे मोजमाप. त्यासाठी ॲम्स्टरडॅमच्या बोर्स्मा आणि वेनिंक यांनी तयार केलेली ‘प्रात’ ही संगणकप्रणाली वापरतात. डच भाषेत या शब्दाचा अर्थच ‘बोल’ असा आहे. प्रातला चित्राशी कर्तव्य नाही, तिला ध्वनी द्यावा लागतो. तोही शक्यतो ‘वेव्ह’ स्वरूपातला, जिथे प्रत्येक नमुना सुटा नोंदलेला असतो. ‘एफएफएमपेग’ नावाच्या विनामूल्य साधनाने मी चित्रफितीतून तो वेगळा काढला : सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, एकच ध्वनिमार्ग. मूळ चित्रफितीतला ध्वनी साडेदहा मेगाबाइटांचा होता; नवी फाइल झाली ६३ मेगाबाइटांची. हा फुगवटा पाहून माणसाला समृद्धीचा भास होतो. वस्तुतः फोनने ध्वनी साठवतानाच, माणसाच्या कानाला जाणवणार नाही म्हणून जे टाकून दिले, ते या रूपांतराने परत येत नाही. धान्य तेवढेच, पोते मोठे.

इतपत मला ठाऊक होते आणि त्याची नोंद मी प्रामाणिकपणे केलीही. विद्यार्थिनीचा फोन भरला होता. ‘ठेवू का, सर?’ असे तिने विचारले. ध्वनी माझ्यापाशी होता. ‘पुसून टाक,’ मी म्हणालो.

प्रातच्या आलेखात मला दिसले की काही ओव्यांनंतर गाणे दीड-दोन सेकंद थांबते. जात्याचा आवाज चालू, गळा गप्प. असे चौदा विराम निघाले. मी त्यांना यतीचे नाव दिले, ओवीच्या आंतरिक रचनेशी त्यांचा संबंध जोडला आणि एका चर्चासत्रात निबंध वाचला. तो आवडला, हे सांगताना आज संकोच वाटतो.

पुढे पावसाळ्याआधी सरळगाववरून त्या वाडीत गेलो. जिने गाणे धरले होते त्या आजींना संगणकावर त्यांचाच आवाज ऐकवला. सुनाही जमल्या. पहिल्या विरामाशी मी फाइल थांबवली आणि इथे का थांबलात, असे विचारले. आजी माझ्याकडे पाहत राहिल्या, मग हसल्या. ‘मास्तर, तवा वैरण घातली,’ त्या म्हणाल्या आणि उजव्या मुठीने अदृश्य खुंटा फिरवीत डाव्या हाताने जात्याच्या तोंडात हळकुंडांचे तुकडे सोडून दाखवले. ते करताना त्यांचा गळा आपसूक थांबला.

हे सारे त्या चित्रफितीत होते. मीही ती एकदा पाहिली होती, पण घाईने, ध्वनी काढण्यापुरती.

निबंधातला यतीचा परिच्छेद मी मागे घेतला. प्रातमध्ये आलेखाखाली टिपांची जी पट्टी असते तिच्यात चौदापैकी बारा जागी ‘वैरण’ असे लिहिले आहे. उरलेले दोन विराम आजींनी पुन्हा पुन्हा ऐकले आणि मान हलवली. ते वैरणीचे नव्हते. कसले, ते त्यांना आठवेना.